विषाणूच्या अंगावर रचलेली बॅटरी: जीवशास्त्राकडून नेमके काय घ्यायचे?

निरगाठ (धागालेखक)

ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांसाठी लागणारे पदार्थ जीवशास्त्राच्या मदतीने घडवण्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक तर ‘विषाणूंपासून बॅटरी तयार झाली’ असा अचंबा, नाही तर ‘हे सगळे प्रयोगशाळेपुरतेच’ अशी वासलात. मी काही वर्षे फाजवर, म्हणजे केवळ जीवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंवर, काम केले आहे आणि मला हे दोन्ही सूर चुकीच्या जागी लागलेले वाटतात. जीवशास्त्राकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे जिवंत पदार्थ नव्हे, तर निवड करण्याची रीत, हे माझे म्हणणे आहे आणि ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात शिंपल्यापासून करतो. ॲबलोनी नावाच्या समुद्री गोगलगाईच्या कवचाचा आतला मोतिया थर वजनाने सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे मूळ द्रव्य खडूचेच. मात्र त्याच्या साधारण अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या विटांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत प्रथिनांचा व कायटिनचा पातळ लेप असतो, त्यामुळे हा थर त्याच द्रव्याच्या खनिजापेक्षा फोडायला कितीतरी पटींनी जड जातो. हे सगळे समुद्राच्या गार पाण्यात, भट्टीविना होते. अँजेला बेल्चर यांनी सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात याच कवचावर डॉक्टरेट केली. त्यातून पुढे निघालेला प्रश्न असा, की कॅल्शियम कार्बोनेटला वळण लावणारी प्रथिने असतील, तर गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकाला, ज्याच्याशी सजीवांचा कधी संबंधच आला नाही, वळण लावणारी प्रथिने का मिळू नयेत?

असे प्रथिन कागदावर आखता येत नाही, म्हणून ते निवडून काढावे लागते. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये दाखवलेली फाज डिस्प्ले ही पद्धत इथे कामी आली. याच पद्धतीसाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एम१३ हा फाज म्हणजे सुमारे ८८० नॅनोमीटर लांब आणि सहा-सात नॅनोमीटर जाड असा धागा. त्याच्या एका टोकाला पी३ या प्रथिनाच्या पाच प्रती असतात आणि अंगभर पी८ या प्रथिनाच्या सुमारे २,७०० प्रती खवल्यांसारख्या बसलेल्या असतात. पी३ च्या जनुकात बारा अमिनो आम्लांचा यादृच्छिक तुकडा घातला, तर अब्जावधी वेगवेगळ्या टोकांचे विषाणू एकाच नळीत तयार ठेवता येतात. हे मिश्रण स्फटिकावर ओतायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे, चिकटलेले आम्लाने सोडवून जीवाणूंमध्ये वाढवायचे आणि पुन्हा ओतायचे. तीन ते पाच फेऱ्यांनंतर जे उरतात, त्यांच्या जनुकातच चिकटणाऱ्या तुकड्याचा क्रम लिहिलेला असतो. एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने अब्जभर रेणू तयार केले, तर त्यांतला नेमका कोणता चिकटला हे शोधण्यात त्याचा जन्म जाईल; इथे प्रत्येक रेणूच्या गळ्यात त्याची चिठ्ठी बांधलेली असते.

२००० साली बेल्चर यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे तुकडे मिळाले, जे गॅलियम आर्सेनाइडला धरत होते आणि सिलिकॉनला सोडून देत होते. या दोन स्फटिकांची रचना जवळजवळ एकसारखीच असते आणि अणूंच्या जाळीच्या मापात चार टक्क्यांचाच फरक असतो. मला स्वतःला या विषयातला सर्वांत विलक्षण निष्कर्ष हाच वाटतो, बॅटरी त्यानंतरची.

बॅटरीची हकिकत थोडक्यात अशी. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या बेल्चर यांच्याच गटाने पी८ मध्ये चार ग्लुटामिक आम्ले घातली. त्यांच्या ऋणभारामुळे कोबाल्टचे आयन विषाणूच्या अंगावर गोळा झाले आणि तिथेच कोबाल्ट ऑक्साइडची तार तयार झाली. लिथियम बॅटरीच्या ऋणाग्रासाठी ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास असते आणि कोबाल्ट ऑक्साइडची ८९०. २००९ मध्ये त्याच गटाने धनाग्र केले. या वेळी पी८ वर लोह फॉस्फेट वाढवले आणि पी३ चे टोक कार्बन नॅनोनळी, म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म वीजवाहक नळी, धरेल असे निवडले. लोह फॉस्फेट विजेचे फार वाईट वाहक आहे, त्यामुळे प्रत्येक कणापर्यंत तार पोहोचवणे हीच तिथली अडचण असते, आणि ती तार विषाणूने स्वतःच्या टोकाने धरून ठेवली.

साशंक

लेख आवडला, पण तीन गोष्टी घशाखाली उतरत नाहीत.

‘भट्टीविना’ हा शब्द या क्षेत्रात फार सैलपणे वापरला जातो. सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेल्या रसातून एकसंध स्फटिक ओढावा लागतो, हे खरे. बॅटरीच्या धनाग्राची ऑक्साइडेही बहुधा ७०० ते ९०० अंशांवर भाजतात, हेही खरे. पण जीवशास्त्राने केलेली रचना शेवटी उपकरणात बसवताना किती वेळा भाजावी लागते, ते कोणी सांगत नाही. याच गटाने २०११ मध्ये रंगद्रव्य-आधारित सौरघटासाठी विषाणूवर कार्बन नॅनोनळ्या आणि टायटॅनियम डायॉक्साइड बसवले आणि कार्यक्षमता ८ वरून १०.६ टक्क्यांवर नेली. तसल्या घटातला टायटॅनियम डायॉक्साइडचा थर साधारण ४५० अंशांना भाजल्याशिवाय त्याचे कण एकमेकांना जोडले जात नाहीत. मग खोलीच्या तापमानाचे कौतुक कुठे उरले?

दुसरे असे, की विषाणू पाण्यात वाढतो आणि लिथियमला पाण्याचे वावडे आहे. तिसरे म्हणजे मालाचे प्रमाण: नळीत मिलिग्रॅम निघतात, कारखान्याला टन लागतात.

निरगाठ

पहिला आक्षेप सरळ मान्य करतो. ऊर्जा वाचते हा दावा प्रत्येक पदार्थासाठी वेगळा तपासायला हवा. कोबाल्ट ऑक्साइडची तार खरोखर खोलीच्या तापमानाला झाली. सौरघटात भाजणे टळले नाही.

पाण्याचे म्हणाल, तर ती गैरसोय आहे, अडथळा नाही. विषाणूवर रचलेली भुकटी धुऊन, निर्वातात तापवून पूर्ण सुकवतात आणि मगच अरगॉन भरलेल्या हातमोजांच्या पेटीत नाण्याच्या आकाराचा घट जुळवतात. त्या टप्प्यावर विषाणू जिवंत असण्याची गरजच नसते. तसा तो एरवीही जिवंत म्हणावा असा नसतो, पण तो वाद इथे नको.

प्रमाणाचा आक्षेप खरा वजनदार आहे. एका एम१३ चा रेणुभार सुमारे १.६ कोटी डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढे वजन). रात्रभर हलवत ठेवलेल्या जीवाणूंच्या संवर्धनातून मिलिलिटरमागे एक लाख कोटी विषाणू मिळाले, तर आमच्याकडे तो दिवस चांगला मानला जाई. गणित केले तर लिटरमागे सुमारे २७ मिलिग्रॅम येतात, म्हणजे किलोभर विषाणूसाठी जवळजवळ ३७ हजार लिटर संवर्धन. आंबवण्याच्या मोठ्या टाक्यांच्या हिशेबात हा आकडा अशक्य नाही. शिवाय विषाणू हा साचा आहे, माल नव्हे. इलेक्ट्रोडच्या वजनात त्याचा वाटा लहान असतो. तरीही तो स्वस्त होईल असे मी म्हणणार नाही.

एम१३ च्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. बरेच फाज यजमान जीवाणूला फोडून बाहेर पडतात. हा त्याच्या भिंतीतून सुतासारखा ओवला जाऊन बाहेर येतो आणि जीवाणू मंदावला तरी मरत नाही. म्हणून जीवाणूंचा थर वाढवलेली त्याची बशी पाहिली तर लागण झालेल्या ठिकाणी स्वच्छ भोके दिसत नाहीत, धूसर ठिपके दिसतात. शुद्धीकरणही सोपे असते. जीवाणू खाली बसवायचे, वरचे पाणी काढून त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि मीठ घालायचे आणि थंडीत ठेवायचे. सकाळी नळीच्या तळाशी पांढरा साका दिसतो. तो साका पुन्हा पाण्यात विरघळवला, की नळी किंचित निळसर झाक मारते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, की काही उरलेच नाही.

मधली_ओळ

निवड झालेला विषाणू खरोखर त्या स्फटिकालाच चिकटतो, नळीच्या भिंतीला नाही, हे कसे कळते? मी या क्षेत्रातली नाही, पण तुमचे वर्णन वाचून पहिली शंका हीच आली.

निरगाठ

मधली_ओळ, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलेत. माझ्या स्वतःच्या तिसऱ्या फेरीत दहापैकी सात ठिपक्यांत एकच क्रम आला, तेव्हा मी मार्गदर्शकांना आनंदाने उठवायला गेलो होतो. त्या तुकड्यात ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन या अमिनो आम्लांची रेलचेल पाहून त्यांनी फक्त एवढेच विचारले, ‘भुकटीशिवाय रिकाम्या नळीत फेरी लावलीस का?’ लावली, तर विषाणू तेवढ्याच जोमाने चिकटला. मी तीन आठवडे प्लॅस्टिकला चिकटणारा तुकडा निवडत होतो. ट्रिप्टोफॅनने भरलेले तुकडे पॉलिस्टायरीनला धरतात, हे या कामातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते.

दुसरा सापळा याहून कपटी आहे. काही विषाणू कशालाच विशेष चिकटत नाहीत, पण इतरांपेक्षा वेगाने वाढतात. प्रत्येक फेरीत वाढवण्याचा टप्पा असल्यामुळे चिकटण्याच्या स्पर्धेत हरलेला गडी वाढण्याच्या स्पर्धेत जिंकतो आणि शेवटी बशीवर त्याचेच राज्य दिसते. म्हणून प्रत्येक फेरीत नळी बदलणे, रिकाम्या पृष्ठभागावर आधी ओतून नकोसे विषाणू गाळून घेणे आणि शेवटी तोच तुकडा विषाणूपासून वेगळा तयार करून एकट्याने चिकटतो का ते पाहणे, एवढे केल्याशिवाय निष्कर्ष मांडू नये. निवडीची रीत आंधळी आहे; तुम्ही जे मोजता तेच ती देते, तुम्हाला जे हवे असते ते नव्हे.

मृद्गंध

निरगाठ यांच्या मूळ विधानाशी मी असहमत आहे. ‘जिवंत पदार्थ नव्हे’ असे म्हणून तुम्ही चिखलातल्या जीवाणूंना एका ओळीत निकालात काढले.

जिओबॅक्टर हा जीवाणू प्राणवायू नसलेल्या गाळात राहतो आणि श्वसनातले इलेक्ट्रॉन लोहाच्या ऑक्साइडवर टाकतो. ऑक्साइड घन असल्यामुळे ते पेशीत ओढून घेता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनच पेशीबाहेर न्यावे लागतात. डेरेक लव्हली यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की त्यासाठी हा जीवाणू केसासारखे वीजवाहक तंतू बाहेर काढतो. केबल जीवाणूंची गोष्ट तर त्याहून पुढची. डेन्मार्कमधल्या ऑर्हस विद्यापीठातल्या लार्स पीटर नील्सन यांच्या गटाने २०१० मध्ये समुद्राच्या गाळातून सेंटिमीटरभर अंतर कापणारे विद्युतप्रवाह मोजले आणि २०१२ मध्ये ते वाहून नेणारे जीवाणू ओळखले. हजारो पेशी एका रांगेत, बाहेरून सामाईक तारा, एक टोक सल्फाइडमध्ये आणि दुसरे प्राणवायूत. खालच्या पेशी जणू खातात आणि वरच्या श्वास घेतात. प्रथिन वीज वाहून नेत नाही, असेच आम्हाला शिकवले गेले होते. ही तार कोणी निवडून काढली नाही, ती आयती सापडली.

साशंक

मृद्गंध, तार आहे हे मान्य, पण ती कशाची आहे यावरच एकमत नाही ना? लव्हली यांचा गट ते तंतू पिलीन या प्रथिनाचे मानत आला. २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या निखिल मालवणकर यांच्या आणि सहकाऱ्यांच्या गटाने अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तंतू ओएमसीएस नावाच्या सायटोक्रोमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या वेगळ्याच प्रथिनाचा, निघाला. त्याच्या प्रत्येक घटकात सहा हीम, म्हणजे पोटात लोहाचा अणू असलेले गट, आणि ते एकामागोमाग एक असे लावलेले, की इलेक्ट्रॉनाने पायऱ्या चढाव्यात तसे पुढे जावे. मालवणकर हे पूर्वी लव्हली यांच्याच विद्यापीठात या तंतूंवर काम करत होते, त्यामुळे हा वाद घरातलाच म्हणायचा.

शक्तीचाही हिशेब मांडतो. २०२० मध्ये लव्हली आणि जुन याओ यांनी याच प्रथिन-तंतूंचा सात मायक्रोमीटर जाडीचा पापुद्रा हवेतल्या दमटपणावर चालवून दाखवला. सुमारे अर्धा व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरमागे १७ मायक्रोअँपिअर. दोहोंचा गुणाकार ८.५ मायक्रोवॅट येतो आणि ती वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षातली शक्ती त्याहून कमीच. पाच वॅटच्या साध्या चार्जरसाठी निदान ५९ चौरस मीटर पापुद्रा लागेल. बर्कलीतल्या स्युंग-वुक ली यांच्या गटाने २०१२ मध्ये याच एम१३ चा पातळ थर बोटाने दाबून ६ नॅनोअँपिअर आणि ४०० मिलिव्होल्ट काढले, आणि एका छोट्या पडद्यावर आकडा उमटवला. उमटला हे कौतुकास्पदच, पण तो एकच आकडा होता.

मृद्गंध

तंतूच्या घडणीचा वाद मिटलेला नाही, हे मान्य. शक्तीच्या गणिताला मात्र माझा आक्षेप आहे. पापुद्र्याने चार्जर चालवावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही; जमिनीतला ओलावा तासातून एकदा मोजून कळवणाऱ्या संवेदकाला सरासरी काही मायक्रोवॅट पुरतात. शिवाय हीमच्या रांगेतून इलेक्ट्रॉन कसा जातो हे समजले, तर ती रांग संश्लेषित प्रथिनात उतरवता येईल. तेव्हा जीवाणू लागणार नाही आणि निरगाठ यांचेच म्हणणे खरे ठरेल, हे मी नाइलाजाने कबूल करते.

कोनमापक

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. पॉल रोथेमंड यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डीएनएच्या घड्या घालून हवा तो आकार करण्याची रीत दाखवली. त्यात घडी घालायची लांब दोरी कोणती होती? याच एम१३ च्या एका सुधारित वाणाचा एकपदरी जीनोम, ७,२४९ अक्षरांचा. सुमारे दोनशे छोटे तुकडे टाचण्यांसारखे वापरून ती दोरी दुमडली जाते आणि कोणत्या टाचणीवर सोन्याचा कण बसवायचा हे सहा नॅनोमीटरच्या अचूकतेने ठरवता येते. म्हणजे निरगाठ ज्याच्या अंगरख्याचे गुण गातात, त्याच्या पोटातली दोरीही दुसऱ्या कोणी उचलली. इथे निवड नाही, निव्वळ आखणी आहे. तेव्हा ‘प्रथिन आखता येत नाही’ हे विधान डीएनएला लागू होत नाही, एवढी दुरुस्ती करावी.

निरगाठ

दुरुस्ती मान्य. डीएनएच्या जोड्यांचे नियम चार अक्षरांत मावतात, म्हणून ते आखता येते. प्रथिन आणि स्फटिक यांच्यातल्या पकडीला असे सोपे व्याकरण नाही, म्हणून तिथे निवडीला पर्याय दिसत नाही.

साशंक

मग माझा शेवटचा प्रश्न. सौरघटात विषाणू भाजताना जळून जातो. बॅटरीत तो सुकलेला, गप्प बसलेला असतो. म्हणजे पकड फक्त घडवताना उपयोगी पडते. एकदा कण आणि नळ्या जवळ आल्या, की ती असली काय आणि नसली काय. तसे असेल तर कोणीही कुशल रसायनशास्त्रज्ञ त्याच नळ्या, तेच लोह फॉस्फेट एकत्र घोटून तेच फळ मिळवेल. पकडीमुळेच फरक पडला, हे कोणी दाखवले आहे का?

निरगाठ

दाखवले आहे, आणि तेही त्या २००९ च्या निबंधातच. त्यांनी पी८ वर लोह फॉस्फेट धरणारा, पण नळ्यांसाठी पी३ मध्ये काहीही न बदललेला विषाणू घेतला. त्याच्या शेजारी पी८ तोच ठेवून पी३ चे टोक नळ्यांना धरेल असे दोन विषाणू घेतले. एकाची पकड सैल, दुसऱ्याची घट्ट. म्हणजे द्रव्ये तीच, फरक विषाणूच्या टोकावरच्या मोजक्या अमिनो आम्लांचा. घट सावकाश रिकामा केला तेव्हा अंतर फार मोठे नव्हते. झपाट्याने रिकामा केला तेव्हा मात्र घट्ट पकडीचा विषाणू पुढे निघाला, कारण त्या वेळी प्रत्येक कणाशी तार खरोखर जोडलेली आहे की नुसती शेजारी पडली आहे, हे उघडे पडते. सौरघटाचेही असेच आहे: विषाणू जळतो, पण नळ्या एकमेकींना चिकटून गठ्ठा होऊ नयेत म्हणून त्याने राखलेले अंतर मागे राहते.

साशंक

या नियंत्रक विषाणूची मला कल्पना नव्हती. घोटण्याचा आक्षेप मागे घेतो. त्या घटांची चाचणी भरण्या-रिकामे करण्याच्या शंभर आवर्तनांपर्यंत क्षमता टिकल्याची होती, असे मला आठवते. रोज वापरायच्या बॅटरीला हजाराच्या पुढे जावे लागते. माझे भांडण आता तेवढ्यापुरते शिल्लक आहे.

निरगाठ

तेवढ्यापुरते माझेही आहे.